आण्णांचा कांदा आणि तुझा राग

पत्र (थोडं कमी करून):

ताई नमस्कार. मी येवला तालुक्यातला, वय 28, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय. दोन वर्षं चाकणला कंपनीत काढली, आता वर्षभर घरीच शेती बघतोय. चार एकर आहे, त्यात अडीच एकर उन्हाळ कांदा. आमचे आण्णा कांद्यासाठी जीव टाकतात. रात्री दोनला लाईट आली तरी बॅटरी घेऊन पाणी भरायला जाणार, कांदा साठवायच्या चाळीत दर आठवड्याला हात घालून सडका कांदा वेचणार, मार्केटला न्यायचा म्हणजे गोलटी (बारीक कांदा) वेगळी, जोड वेगळा, कोंब आलेला वेगळा, सगळं निवडून मगच ट्रॉली भरणार. आमच्या भावकीतलाच एक शेजारी आहे, तो खाली गोलटी न् त्याहून बारीक चिंगळी टाकतो, वरून एक थर चांगल्या मालाचा लावतो, आणि लिलावात त्याला आमच्यापेक्षा क्विंटलला पन्नास रुपये जास्त पुकारले. मागच्या मे महिन्यात ऐन काढणीत पाऊस झाला, भिजलेला कांदा विकून टाकायचा सोडून आण्णा सुकवत बसले, मग चाळीत घातला, त्यातला निम्मा सडला, राहिलेला हजार-अकराशेने गेला. खर्चपण निघाला नाही. तरी आण्णांचं एकच, काळी आई कष्टाचं फळ देते, आज नाही तर उद्या. हे ऐकलं की माझी तळपायाची आग मस्तकात जाते. त्यांना कसं समजावू की एवढं राबून काही मिळत नाही? आणि आम्ही पण शेजाऱ्यासारखं केलं तर काय बिघडतं? चाकणवाले परत बोलावतायत. जाऊ का? आणि यंदाच्या प्लॉटला पाणी कधी तोडू?

उत्तर:

अरे, तुझं पत्र दोनदा वाचलं. राग आलाय तो खरा आहे आणि तो येण्यासारखाच आहे. वर्षभर बाप रात्रीचा चिखलात उभा राहतो आणि शेवटी व्यापाऱ्याकडची हिशोबपट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाचा कागद, हातात आली की घरात कुणी कुणाशी बोलत नाही, हे कांदा पिकवणाऱ्या घरात मी लहानपणापासून बघितलंय, माझं माहेर निफाड तालुक्यातलं. त्यामुळे तुला उगाच धीर द्यायला "होईल सगळं चांगलं" असं काही मी लिहिणार नाही.

पण एक गोष्ट आधी सांगते, कारण बाकी सगळं त्यावर आहे. आण्णा म्हणतात ते अर्धं खरं आहे. कष्टाला पीक उत्तर देतं, भाव देत नाही. आण्णांनी ही दोन्ही खाती एकत्र करून टाकलीत आणि म्हणून ते म्हणतात फळ मिळतंच, आणि तू पण तीच दोन खाती एकत्र केलीस आणि म्हणतोस काहीच मिळत नाही. ती वेगळी कर, मग तुला दिसेल की आण्णा कुठे शंभर टक्के बरोबर आहेत आणि कुठे त्यांना तुझी गरज आहे.

आधी भावाचं घे. तू घरी यायच्या आधीची दोन वर्षं आठव. ऑगस्ट 2023 ला कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के ड्युटी लागली. 8 डिसेंबर 2023 ला निर्यात बंदच झाली, भाव धाडकन खाली. मग 4 मे 2024 ला बंदी उठली, ती पण 550 डॉलर टनाची किमान किंमत आणि 40 टक्के ड्युटी ठेवून. सप्टेंबरमध्ये किमान किंमत काढली, ड्युटी 20 वर आणली, आणि 1 एप्रिल 2025 ला ती पण काढली, तोवर बांगलादेशासारखं गिऱ्हाईक आपल्याकडून कधी माल मिळेल आणि कधी बंद होईल याचा भरवसा धरेना. आता मला सांग, यातल्या कुठल्या तारखेला आण्णांनी रात्री दोनला भरलेल्या पाण्याचा संबंध आहे? चांगला निवडलेला कांदा पण त्याच दिवशी पडला आणि खाली गोलटी टाकलेला पण त्याच दिवशी पडला. फेब्रुवारी 2023 मध्ये बार्शीकडच्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या मार्केटला 512 किलो कांदा विकला, गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाऊन त्याच्या हातात 2 रुपयांचा चेक आला, पेपरात सगळीकडे फोटो आला होता. तो माणूस काय कमी राबला असेल? पण पट्टीवर राबण्याचा कॉलम नसतो. म्हणून भाव पडला की "आपले कष्ट वाया गेले" असं म्हणू नकोस आणि आण्णांना तर अजिबात म्हणू नकोस, कारण त्यांना त्यातून एवढंच ऐकू येतं की माझंच काहीतरी चुकलं, आणि पुढच्या वर्षी ते अजून जास्त राबतात. शेतकऱ्याची ही सवय मला फार जाळते, धोरण बदललं तरी तो स्वतःच्या शेतातच चूक शोधत बसतो.

आता पिकाचं खातं. इथे मात्र कांदा एकेक दिवसाचा हिशोब ठेवतो आणि तो हिशोब चाळीत जुलै-ऑगस्टला उघडा पडतो. तू मेकॅनिकलवाला आहेस, तुला हे समजायला सोपं जाईल. लागवडीनंतर दीड महिन्याच्या पुढे युरिया टाकला की पात हिरवीगार दिसते, बघणाऱ्याला वाटतं काय प्लॉट आलाय, पण कांद्याची मान, म्हणजे पात जिथे कांद्याला जुळते तो भाग, जाड राहते. जाड मान लवकर सुकत नाही आणि न सुकलेल्या मानेतून सड आत शिरते. काढणीआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडलं नाही की तेच. निम्म्या माना पडल्यावर काढायचा, कांदा उपटला की त्याच्यावर दुसऱ्या ओळीची पात येईल असा रानात पसरायचा म्हणजे ऊन थेट कांद्याला लागत नाही, तीन-चार दिवस तसाच ठेवायचा, मग इंच-दीड इंच मान ठेवून खांडायचा, अगदी बुडाशी कापला तर ती जखमच होते, आणि त्यानंतर सावलीत दहा-बारा दिवस. चाळीत चार-पाच फुटांच्या वर थर नको, खालून वारा पाहिजे.

हे सगळं आण्णांना माहीत आहे, मी तुला सांगतेय. तू कधी त्यांच्याबरोबर बसून बघ ते कांदा कसा निवडतात. हातात घेतला की अंगठा आपोआप मानेवर जातो, दाबला की त्यांना कळतं. मान कागदासारखी कुरकुरली तर हा चाळीत. अंगठा जरासा जरी आत गेला, ओल लागली, तर हा आजच्या ट्रॉलीत. बघणाऱ्याला दोन्ही कांदे सारखेच दिसतात, रंग तोच, साईज तीच. एक सेकंद पण लागत नाही त्यांना, आणि गप्पा चालू असतात, चहा चालू असतो, अंगठा मात्र चुकत नाही. साध्या चाळीत चार-पाच महिन्यांत वजनातली घट, सड आणि कोंब धरून तिसरा हिस्सा सहज जातो, आणि ज्याच्या अंगठ्याला हे कळतं त्याचा कमी जातो. कष्टाचं फळ म्हणून जे काही असतं ते आधी इथे मिळतं, आणि ते कुठलं सरकार किंवा कुठला व्यापारी काढून घेऊ शकत नाही. तुझ्या पत्रात हे एका ओळीत उडवलंस तू, "हात घालून सडका कांदा वेचणार". भर उन्हाळ्यात पत्र्याखाली वाकून, त्या वासात, काजळी हातभर लागलेली, एक सडका राहिला तर आजूबाजूचे दहा घेऊन जाणार म्हणून शोधत राहायचं, हे सोपं काम नाही रे.

मग मागच्या वर्षी निम्मा का सडला असं तू विचारशील. तिथे तुझं बरोबर आहे आणि मी स्पष्ट सांगते. भिजलेला कांदा चाळीत घालायला नको होता. मे 2025 चा पाऊस नुसता वळीव नव्हता, नाशिकपासून पुण्यापर्यंत काढलेला कांदा शेतातच भिजला, आणि एकदा पाणी मानेत गेलं की वरून कितीही सुकवा, आतला पापुद्रा ओला राहतो. आण्णांना हे ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही, त्यांच्या अंगठ्याला ते कळलंच असणार. पण चार महिने वाढवलेलं पीक पडेल भावात देऊन टाकायला त्यांचा जीव झाला नाही. पिकावरची माया अशी कधी कधी निर्णयाच्या आडवी येते आणि तिथे घरात दुसरं कुणीतरी लागतं जे म्हणेल, आण्णा, हा जाऊ द्या, हा टिकणार नाही. ते काम तुझं आहे. ओरडून नाही, आणि सड लागल्यावर "मी म्हणालो होतो" म्हणून तर नाहीच. काढणीच्या आधीच दोघांनी बसून ठरवायचं की तिसरा हिस्सा लगेच विकायचा, तिसरा जूनच्या आत आणि तिसरा मागे ठेवायचा, आणि पाऊस लागला तर भिजलेला माल कुठलाही असो, चाळीत जाणार नाही. आधी ठरलेलं असलं की त्या दिवशी माया आडवी येत नाही.

आता शेजाऱ्याचं. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं, तुझ्याबद्दल नाही, तुझ्यासारख्या सरळ पोराला असा प्रश्न पडावा लागतो याचं. उत्तर नाही असंच आहे. पण मी ते फक्त पाप-पुण्याच्या गोष्टी सांगून देणार नाही, तुला व्यवहार पण दाखवते.

तू लिहिलंस लिलावात त्याला पन्नास रुपये जास्त पुकारले. लिलावात पुकारलेला भाव म्हणजे पट्टीवरचा भाव नव्हे. तुला माहीत आहे ट्रॉली लिलाव झाल्यावर कुठे जाते, काट्यावर वजन होऊन व्यापाऱ्याच्या खळ्यावर, म्हणजे माल उतरवायच्या जागेवर. तिथे माल खाली होताना वरचा थर सरकला आणि खालून गोलटी निघाली की वांधा निघतो, म्हणजे माल बघून व्यापारी ठरलेल्या भावावर हरकत घेतो. मग शंभर कमी करा, दीडशे कमी करा, नाहीतर ट्रॉली परत न्या. भर उन्हात, दुसऱ्याचा ट्रॅक्टर भाड्याने आणलेला, संध्याकाळ झालेली, माणूस कमी करूनच मोकळा होतो आणि गावात येऊन मात्र लिलावातला आकडा सांगतो. तू शेजाऱ्याला त्याचा भाव विचारू नकोस, त्याची पट्टी बघायला माग. दाखवली नाही तर तुला तुझं उत्तर मिळालं. दाखवली आणि खरंच जास्त निघाले तरी पण एक सीझन थांब. व्यापारी माणसं ओळखतो, ट्रॅक्टरसोबत कोण उभं आहे बघून बोली चढवतो नाहीतर रोखतो, आणि ज्याच्या मालाला दोनदा वांधा निघाला त्याची ट्रॉली खरीखुरी चांगली असली तरी तिसऱ्यांदा त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. उलटं पण होतं, व्यापारी मुद्दाम खोटे वांधे काढून भाव पाडतात, ही तक्रार पण खरी आहे आणि त्यासाठीच बाजार समितीकडे दाद मागायची सोय असते. पण दाद मागायला उभं राहायचं तर आपली ट्रॉली बुडापर्यंत सारखी पाहिजे. आण्णा तिथे ताठ उभे राहू शकतात. तुझा शेजारी राहू शकत नाही.

आणि पैशापलीकडचं पण सांगते, कारण ते मला महत्त्वाचं वाटतं. हा कांदा शेवटी कुणीतरी पाटण्यात, नागपुरात किलोवर विकत घेतो. पन्नास किलोची गोणी घेणारा छोटा दुकानदार असतो, खाली सडका न् चिंगळी निघाली तर त्याचा दिवस जातो, व्यापाऱ्याचा नाही. आण्णांनी ज्या माणसाला कधी बघितलं नाही त्याची फसवणूक ते करत नाहीत. असा बाप मिळाला याचा तुला पुढे आधार वाटेल. त्यांना "आपण पण खाली गोलटी टाकू" असं म्हणालास तर कदाचित ते काही बोलणार नाहीत, पण तुझ्याकडे बघण्याची त्यांची नजर बदलेल, आणि तेवढं नुकसान पन्नास रुपयांत भरून येत नाही.

पण प्रामाणिकपणा नुसता करून भागत नाही, तो दिसला पाहिजे, इथे आण्णांची पिढी कमी पडते आणि तुझी पिढी कामाला येते. तीन वक्कलं, म्हणजे प्रतवारीचे तीन वाटे, वेगळी ने, सुपर वेगळा, मध्यम गोल्टा वेगळा, गोलटी वेगळी, एका ट्रॉलीत मिसळ नको. ट्रॉली भरताना मोबाईलवर व्हिडिओ काढ, खालचा थर, मधला, वरचा. ज्या व्यापाऱ्याकडे तुमचा माल दोन-चार वेळा विनावांधा खाली झालाय त्याच्याशी बोल, नंबर घे, पुढची ट्रॉली कधी येणार ते कळव. जवळ एखादी शेतकरी उत्पादक कंपनी असेल तर तिथे ग्रेडिंगचा भाव वेगळा मिळतो का विचार. आणि तू दोन वर्षं चाकणला होतास, तिथे तुझ्या ओळखीची पन्नास घरं असतील, निवडलेला टिकाऊ कांदा दहा-दहा किलोच्या जाळीच्या पिशवीत भरून जूनच्या आधी पोचवला तर वर्षाचा कांदा भरून ठेवणारी माणसं अजून आहेत. सगळा माल असा जाणार नाही, अडीच एकरातला थोडासाच जाईल, पण त्या थोड्या मालाला आण्णांच्या अंगठ्याची किंमत मिळेल, आणि ती किंमत तुमची तुम्ही ठरवलेली असेल.

यासाठी एक रजिस्टर पाहिजे. तुझ्या घरात ते नाही हे पत्रावरून कळलं, कारण "खर्चपण निघाला नाही" असं लिहिलंस पण खर्च किती ते नाही लिहिलं. बी किती, उळं (रोपासाठीचं बी) टाकल्यापासून रोपाला काय लागलं, लागवडीची मजुरी, खत, फवारणी, काढणी आणि खांडणीचं उक्तं, ट्रॅक्टर, हमाली, सगळं तारखेनिशी. आणि त्यात एक रकाना घरच्या माणसांच्या दिवसांचा. आण्णांचे दिवस लिही, तुझे लिही. आणि आईचे लिही. तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात आई एकदाही आली नाही. कांदा खांडायला विळा घेऊन कोण बसतं? रोप उपटून जुड्या कोण बांधतं, लागवडीला बायका सांगून कोण आणतं, त्यांच्या आधी वावरात कोण जातं आणि त्यांच्यानंतर घरी येऊन चूल कोण पेटवतं? आण्णांच्या भक्तीबद्दल तू लिहिलंस ते छान, पण या कांद्यामागे अजून एक माणूस आहे आणि तिला कुणी विचारत नाही की तुला फळ मिळालं का. तिच्या दिवसांचे पैसे त्या रकान्यात आजच्या मजुरीच्या रेटने धर. मग क्विंटलला खरा खर्च किती पडतो ते कळेल, आणि तेव्हाच ठरवता येईल की अडीच एकर कांदा परवडतो का दीडच करायचा आणि बाकीत मका-हरभरा घ्यायचा. हे असं लिहिलेलं आण्णांसमोर ठेवलंस की ते ऐकतील. "काही मिळत नाही" हे ते ऐकणार नाहीत, कारण ते त्यांना शिवीसारखं लागतं.

रात्रीच्या पाण्याचं पण बोलायचंय. हे मी कौतुकाने वाचू शकले नाही. आठवड्यातले काही दिवस थ्री-फेज रात्रीची येते हे माहीत आहे, पण येवला-निफाड-सिन्नर सगळीकडे आता बिबट्या आहे, साप तर आहेच, आणि आण्णांचं वय वाढतंय. मागेल त्याला सौर कृषी पंप या योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला 5 टक्के भरून पंप मिळतो, अर्ज ऑनलाईन आहे, तुझ्यासारख्याने एक दिवस बसून भरायचं काम आहे. नंबर लागायला वेळ लागेल, म्हणून आजच भर. तोवर रात्रीचं पाणी तू धर किंवा दोघं मिळून जा. फवारताना ते तोंडाला नुसता टॉवेल बांधतात का ते पण बघ, मास्क आणि हातमोजे घेऊन दे, घालत नसतील तर आधी तू घालून दाखव. चाळ जुनी असेल, खालून वारा जात नसेल, तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर कांदाचाळीच्या अनुदानाचा अर्ज असतो तो पण बघून ठेव.

तू विचारशील, ताई, मग जन्मभर पिकाचीच सेवा करायची आणि भाव दुसऱ्याने ठरवायचा, यात फळ काय? चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे, तिथले दादाजी खोब्रागडे. 1983 मध्ये त्यांना स्वतःच्या धानात दोन-तीन वेगळ्या लोंब्या दिसल्या, दाणे पिवळसर होते. बाकीच्याने त्या कापणीत घालून टाकल्या असत्या. यांनी त्या बाजूला ठेवल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या पेरल्या, काट्यांचं कुंपण करून जपल्या, वर्षामागून वर्ष निवडत गेले, आणि त्यातून बारीक, चवीचा, जास्त उतारा देणारा तांदूळ तयार झाला. व्यापाऱ्याने त्याला त्यावेळच्या फेमस घड्याळावरून एचएमटी नाव दिलं. आज पुण्या-मुंबईतल्या दुकानात पण एचएमटी कोलम मागतात. दादाजींना पुढे राष्ट्रीय पातळीवरचे पुरस्कार मिळाले, नाव झालं, पण पैसा त्यांच्याकडे आला नाही, जमीन थोडीच, आणि 2018 च्या जूनमध्ये गेले तेव्हा शेवटचे दिवस हलाखीत गेले. मी हे तुला गोड शेवट म्हणून सांगत नाहीये. मला ते वाचून आजही संताप येतो. त्यांच्या निष्ठेला धानाने पूर्ण उत्तर दिलं, एवढं की लाखो घरात रोज शिजतंय. माणसांनी उत्तर दिलं नाही. आण्णांच्या बाबतीत निदान घरातल्या माणसाने तरी ते द्यावं, म्हणजे कागद, रजिस्टर, मार्केट, अर्ज, फोन, ही बाजू तू धरावीस, एवढंच माझं म्हणणं आहे. कांद्याशी बोलायला ते समर्थ आहेत.

चाकणचं विचारलंस. जायला हरकत काही नाही, शेती सोडली म्हणून तू कुणी वाईट मुलगा होत नाहीस आणि महिन्याचा बांधलेला पगार घरात आला तर आण्णांना भिजलेला माल पडेल भावात द्यायला पण हिंमत येईल, घाई नसलेला शेतकरी चांगले निर्णय घेतो. पण आत्ता रागात जाऊ नकोस. कांदा वावरात उभा आहे, एप्रिलला काढणी आहे. कंपनीला विचार जूनपर्यंत थांबतात का, दोन वर्षं काम केलेल्या माणसाला बरेचदा थांबतात. एवढा एक सीझन रजिस्टर लिहून, तीन वक्कलं वेगळी विकून बघ. जूनमध्ये आकडे समोर असतील. त्यात तुझी वर्षाची मजुरी पण निघत नसेल तर बिनधास्त जा आणि कांद्याचं क्षेत्र कमी करून जा, आईवर टाकून नको जाऊस. निघत असेल तर मग तो निर्णय वेगळा होईल, तेव्हा परत लिही, पट्ट्यांचे फोटो पाठव, आपण बघू.

आण्णांशी कसं बोलू असं पण होतं ना. "समजावू" हा शब्द काढून टाक. त्यांच्याशेजारी बस आणि म्हण, आण्णा, मान कशी बघायची मला दाखवा, यावर्षी चाळीत जाणारा माल मी निवडतो, तुम्ही तपासा. चुकशील, ते हसतील, ओरडतील, शिकवतील. त्यात दोन दिवस गेले की मग रजिस्टर काढ. क्रम उलटा करू नकोस, आधी रजिस्टर घेऊन गेलास तर त्यांना वाटेल पोरगा हिशोब मागायला आला.

आणि तुझ्या पत्रात शेवटी होतं की यंदाच्या प्लॉटला पाणी कधी तोडू. ते मी इथून कसं सांगणार, जमीन किती धरते, रोप कधी लावलं, मान कितपत आलीय, हे बघूनच ठरतं. आण्णांना विचार, उद्या सकाळीच विचार, आणि ते जी तारीख सांगतील ती रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिही.